गार्डचा डबा नसलेली मालगाडी

आज संध्याकाळी फाटक बंद होते म्हणून थांबले होते. मालगाडी गेली आणि लहानपणापासूनच्या सवयीने मी शेवटच्या डब्याकडे पाहिले, तर हिरवा बावटा दाखवायला तिथे कोणीच नव्हते. ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डचा डबाच नव्हता. शेवटच्या वाघिणीला, म्हणजे मालाच्या डब्याला, एक पेटी अडकवलेली होती आणि तिचा लाल दिवा लुकलुकत होता. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

माझे वडील, अण्णा, भुसावळला मालगाडीचे गार्ड होते. १९८७ सालच्या आषाढातल्या एका रात्री कजगावच्या पुढे त्यांची गाडी मधोमध तुटली. अण्णांनी हँडब्रेक आवळला, कंदील आणि फटाक्यांचे डबडे घेतले आणि भर पावसात ते एकटे मागे चालत निघाले. सहाशे मीटरवर एक फटाका आणि बाराशे मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन, असा नियम आहे. मागून येणाऱ्या गाडीच्या चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हर गाडी थांबवतो. फटाक्याच्या पत्र्याच्या पट्ट्या रुळाच्या माथ्यावर अंधारात वाकवताना त्यांची बोटे कापली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले तेव्हा त्यांचे तळवे पांढरे पडून सुरकुतले होते.

ती पेटी ब्रेकच्या पाइपातला हवेचा दाब इंजिनात कळवते, गाडी तुटली तर ड्रायव्हरला तत्काळ समजते, हे मान्य. ब्रेकव्हॅन काढण्या-जोडण्यात यार्डात जाणारा वेळ वाचतो, तिच्या जागी मालाची एक वाघीण जास्त जोडता येते, हेही मान्य. पण तापलेल्या ॲक्सलचा वास त्या पेटीला येतो का? लोंबणारी साखळी तिला दिसते का? जानेवारी २०२२ मध्ये गार्डचे नाव बदलून ट्रेन मॅनेजर केले. नाव मोठे केले आणि बसायची जागा काढून घ्यायला निघाले, याचा मला संताप येतो. अमेरिकेत १९८०च्या दशकात मालगाड्यांचे कबूस, म्हणजे तिथले गार्डचे डबे, असेच हटवत नेले, आणि आज तिथे इंजिनात दोन माणसे हवीत की एकच पुरे, यावर वाद चालू आहे.

तो डबा सुखाचा नव्हता, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? चार चाकांच्या त्या डब्यात पंखा नव्हता, संडास नव्हता, आणि गाडी थांबताना-निघताना बसणाऱ्या हिसक्यांनी अण्णांची पाठ कायमची गेली. पण अण्णांनी मागितला असता तर चांगला डबा मागितला असता. डबाच नको, असे ते कधी म्हणाले नाहीत.

आता गार्ड पुढे इंजिनात बसणार. अठ्ठावन्न वाघिणींची गाडी सहाशे मीटरहून लांब असते. म्हणजे आषाढातल्या तशाच एखाद्या रात्री कोणाच्या तरी अण्णांना आधी तेवढी वाट खडीवरून तुडवून गाडीच्या शेवटापर्यंत पोहोचावे लागेल, आणि मग तिथून पुढे बाराशे मीटर.