दुधीला नख लावू नका हो!

दर रविवारी तेच! आम्ही बेळगावच्या टिळकवाडीत भाजीबाजारासाठी कडोली-उचगावच्या शेतकऱ्यांना ओळीनं बसवायचं, पावसात ताडपत्री धरायची, उन्हाळ्यात कोथिंबिरीवर ओलं पोतं टाकायचं. आणि गिऱ्हाईक येऊन आधी दुधीला नख लावणार. कोवळा आहे का बघतात म्हणे! तासाभरात दुधीभर काळ्या चंद्रकोरी, भेंड्यांची टोकं मोडलेली. मग तेच महाशय म्हणणार, "मावशी, डागाळलाय की, कमी करा." अहो, डाग पाडला कुणी? नवरात्रात मातीसकट रताळी आली की नाकं मुरडायची, "धुतलेली नाहीत?" धुतली तर लवकर कुजतात हो! गोव्याचे व्यापारी पोतीच्या पोती उचलतात, टोक न मोडता. आणि इथं १० रुपयांच्या मेथीच्या पेंडीला ५०० ची नोट!