राजस्थानला पोस्टिंग आलंय आणि गाडी एमएच पासिंगची आहे? मग हे वाचा

फौजीच्या घरात गाडी नवऱ्याच्या नावावर असते आणि चालवते बायको. तो फिल्डमध्ये नाहीतर एक्सरसाइजला, फोन लागला तर लागला, आणि इकडे मुलांची शाळा, एमआय रूम म्हणजे फौजी दवाखाना, सिलेंडर, गावाहून आलेल्या सासूबाईंना स्टेशनवरून आणणं सगळं त्या एका गाडीवर. तरी इन्शुरन्स कधी संपतो विचारलं की उत्तर एकच, "ते ह्यांना माहिती". म्हणून माझं स्पष्ट मत आहे की फौजींच्या बायकांच्या फॅमिली वेलफेअर मीटिंगला केक आणि मेहंदीच्या स्पर्धा खूप झाल्या, एकदा आरटीओचे फॉर्म आणि टायर यावर पण तासभर बोला, निदान बिकानेर, जैसलमेर, बाडमेर, सुरतगड असं पोस्टिंग आलेल्या पोरींसाठी तरी, ज्या सातारा-कोल्हापुरातून थेट वाळवंटात येऊन पडतात.

आधी कागद. दुसऱ्या राज्यात गेलं की लगेच नंबर बदलावा लागतो असं कोणीतरी घाबरवतं, तसं नाहीये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ त्या राज्यात ठेवणार असाल तर तिथला नंबर घ्यायचा. पण त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला लागतो, फॉर्म 28, आणि घोळ इथेच होतो. लोन चालू असेल तर बँकेचं पत्र लागतं, जुनी चलनं बाकी असतील तर ती भरावी लागतात, सही गाडीमालकाची म्हणजे ह्यांची, आणि फॉर्मवर चेसिस नंबरचा ठसा पाहिजे, तो गाडीवर कागद धरून वरून पेन्सिल घासून काढायचा. आता गाडी बिकानेरला, आरटीओ साताऱ्याला आणि साहेब पोस्टवर, करा काय करायचं ते! त्यामुळे सामान पॅक करायच्या आधी, नवरा घरी असतानाच त्याच्याकडून सगळ्या सह्या करून घ्या. काळ्या ट्रंका नंतर भरता येतात. तिकडे रोड टॅक्स नव्याने भरायचा आणि इकडच्या टॅक्सचा उरलेला हिस्सा परत मागायचा, त्याचा अर्ज वेगळा. नवीन नंबर मिळाला की फास्टॅग आणि इन्शुरन्समध्ये तो बदलून घ्या, हे तर हमखास राहतं.

नवीन गाडी घेणार असाल तर सरळ बीएच सिरीज, म्हणजे देशभर चालणारा भारत सिरीजचा नंबर घ्या. 2021 च्या सप्टेंबरपासून चालू आहे, डिफेन्सवाल्यांना मिळते, आणि राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो. टॅक्स दोन-दोन वर्षांचा, गाडीच्या किमतीवर 10 लाखांच्या आत 8 टक्के, 20 लाखांपर्यंत 10, त्याच्या वर 12, डिझेलला 2 टक्के जास्त आणि इलेक्ट्रिकला 2 कमी, हा झाला पंधरा वर्षांचा दर, तो विभागून दोन-दोन वर्षांचा भरायचा. जुन्या गाडीला सुद्धा बीएच करून घेता येतं, 2022 च्या डिसेंबरमध्ये नियम बदलला. मला कळत नाही की सीएसडीतून म्हणजे फौजी कॅन्टीनमधून गाडी घेताना रंगावर तासभर चर्चा करणारे आपले लोक हे का विचारत नाहीत, शोरूमवाला स्वतःहून सांगेलच असं नाही.

आता उन्हाचं. फलोदीला 19 मे 2016 ला 51 डिग्री झालं होतं, डांबर त्याच्याहून कितीतरी जास्त तापतं, आणि आपले टायर त्यावर असतात. लोक काय करतात, "उन्हाळा आहे, हवा थोडी कमी ठेवा" म्हणतात. उलटं आहे!! हवा कमी असली की टायरची बाजू जास्त दबते, अजून तापते आणि मग फुटतो. प्रेशर सकाळी गाडी निघायच्या आधी बघायचं, दारावरच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढंच ठेवायचं, आणि रस्त्यात गरम टायर जास्त दाखवतोय म्हणून हवा सोडायची नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी चांगली दिसतेय म्हणून जुना रबर वाळवंटात नेऊ नका. आणि बंद गाडीत लेकराला "दोनच मिनिटं" म्हणून सोडायचं नाही, अर्ध्या तासात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस डिग्री वर जातं.

काळ्या फिल्मचा मोह सगळ्यांनाच होतो. पण पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचेतून 50 टक्के उजेड आत आलाच पाहिजे, आणि काचेवर आर्मी लिहिलंय म्हणून त्यातून सूट नाही, फौजीचीच गाडी अडवली की जास्त लाज वाटते. पार्किंगला पुढच्या काचेचा चंदेरी पडदा वापरा, स्वस्त पडतो.

रात्रीचं ड्रायव्हिंग मात्र माझ्या मते टाळाच. पोखरण, फलोदी, बिकानेर हा रस्ता सरळसोट, पाय आपोआप दाबला जातो, आणि मधेच गायी बसलेल्या, नाहीतर उंट. उंट हा प्रकार आपल्याकडच्या ड्रायव्हरला कळतच नाही. लो बीममध्ये त्याचे फक्त पाय दिसतात आणि ते पण रस्त्याच्या रंगात मिसळतात, धडक झाली तर बोनट पायांना लागतं आणि अख्खं धड काचेतून आत येतं. भादव्यात म्हणजे भाद्रपदात अजून एक, पोखरणजवळच्या रामदेवराच्या जत्रेला लोक चालत जातात, रात्रभर, रस्त्याच्या कडेने, झेंडे घेऊन, आपल्या दिंडीसारखेच. त्या दिवसांत वेग निम्म्यावर आणा. सीमेजवळच्या तनोटच्या देवळाला जाणार असाल तर रामगडलाच टाकी भरून घ्या, पाणी माणशी दोन बाटल्या तरी जास्त.

मे-जूनमध्ये आंधी म्हणजे धुळीचं वादळ येतं. समोर पिवळी-काळी भिंत दिसली की त्यात घुसायचं नाही, डांबर सोडून जेवढं बाजूला जाता येईल तेवढं जायचं, हँडब्रेक ओढायचा, ब्रेकवरचा पाय काढायचा आणि लाइट बंद, पार्किंग लाइट सुद्धा. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या लोकांना हेच सांगतात. मागचा ड्रायव्हर तुमचा लाल लाइट बघून तोच रस्ता समजतो आणि येऊन ठोकतो.

स्कूटीवाल्या वहिनींनो, कॅम्पच्या गेटवर एमपी म्हणजे मिलिटरी पोलीस उभा असतो म्हणून हेल्मेट आणि गेटबाहेर पडलं की हँडलला, हे बंद करा. 9 महिने ते 4 वर्षांच्या मुलाला मागे बसवताना हेल्मेट आणि हार्नेस दोन्ही लागतं, आणि वेग 40 च्या आत. चारचाकीत मागे बसणाऱ्यांनी सुद्धा बेल्ट, लेकरू मांडीवर घेऊन पुढे बसणं म्हणजे प्रेम नाही.

आणि लीव्हवर गावी येताना टोलवर आयकार्ड काढून भांडणाऱ्या भावांसाठी, 1901 चा जो टोल माफीचा कायदा तुम्ही सांगता ती माफी ड्युटीवर असताना आहे, सुट्टीला नाही. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा, मागे लाइन लागते आणि लोक व्हिडिओ काढतात.