मुलाला वाचता येत नाही, याचा दोष घरावर ढकलता येणार नाही

सोलापुरातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक संदेश सारखा पुढे पाठवला जात आहे. महापालिका शाळेतल्या तिसरी-चौथीच्या मुलांना वाचता येत नसेल तर त्याला शाळा तरी काय करणार, असा त्याचा सूर आहे. आई विड्या वळते, बाप यंत्रमागावर, घरात कोणी शिकलेले नाही, घरची बोली तेलुगू, कन्नड किंवा उर्दू, त्यात कायद्याने नापास करणेही बंद. मुले कळती झाली की वाचन आपसूक येते, तोवर पालकांनी शिक्षकांच्या कामात लुडबुड करू नये, असे त्यात म्हटले आहे. यातील काही विधाने अर्धी खरी आहेत, म्हणून ती पटतात.

‘आपसूक’ हा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे त्याच्याच आधारावर उभे आहेत. माणसांत वाढल्याने बोलणे येते. वाचन तसे येत नाही, ते शिकवावे लागते. मराठी वाचू लागलेल्या मुलाला नुसता ‘क’ ओळखून भागत नाही. काना, वेलांटी, उकार, मात्रा लागल्यावर त्याचे काय होते हे, आणि पुढे ‘क्य’, ‘क्र’, ‘र्क’ अशी जोडाक्षरे, असा शेकडो अक्षररूपांचा पसारा त्याला आवरावा लागतो. कन्नड वाचनावरील सोनाली नाग यांच्या २००७ च्या संशोधनात हे अक्षरज्ञान पक्के व्हायला प्राथमिक शाळेची कित्येक वर्षे लागतात, असे दिसले. याचा अर्थ शिक्षकांनी वाट पाहावी असा नव्हे, तर पहिलीत बाराखडी ‘उरकून’ दुसरीत थेट पाठ सुरू करू नये, असा आहे. पालघर जिल्ह्यातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथे मराठी व कन्नड वाचनाचा काही वर्षे चाललेला एक अभ्यास झाला. वर्गातील बराच वेळ फळ्यावरचे उतरवून घेण्यात आणि एका सुरात म्हणण्यात जातो, वाचलेल्याच्या अर्थाबद्दल मुलांशी फारसे बोलणे होत नाही, असे त्यात आढळले. अशा वर्गात मूल कितीही कळते झाले तरी वाचायला शिकेलच, याचा भरवसा नाही.

आई-वडिलांच्या शिक्षणाचा मुलांच्या वाचनाशी संबंध असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्यावरून कोणत्या मुलांना शाळेत अधिक शिकवावे लागेल एवढेच ठरते. शाळेची सुटका होत नाही. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांना दिवसातून सुमारे दोन तास वेगळे बसवून, वस्तीतल्याच तरुण मुलींनी शिकवण्याचा ‘बालसखी’ हा प्रयोग झाला. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांच्यासह संशोधकांनी तो तपासला, तेव्हा या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. घरे तीच होती, बदलले होते ते शिकवणे.

घरच्या भाषेचा मुद्दा सोलापुरात तरी गंभीरपणे घ्यायला हवा. येथे महापालिकेच्या मराठीबरोबर उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमाच्या शाळाही आहेत, आणि पूर्व भागातील पद्मशाली वस्तीत घरी तेलुगू बोलून मराठी शाळेत जाणारी मुले तर नेहमीचीच. तेलुगू आणि मराठी लिप्यांची मांडणी एकाच धाटणीची, वर्णमालेचा क्रमही जवळपास तोच. तेव्हा या मुलांची अडचण अक्षरांपेक्षा शब्दांची आहे. अनोळखी शब्द कितीही अचूक वाचला तरी अर्थ लागत नाही. म्हणून पहिली-दुसरीत गप्पा, गोष्टी आणि घरच्या भाषेतून समजावणे यांना वेळ द्यावा लागतो. शिक्षणाचे माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावे, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ सांगते. ही जबाबदारी शिकवणाऱ्यांची आहे. आईने घरात मराठी बोलायला लागावे, ही अपेक्षा उलटी आहे.

नापास न करण्याबद्दल थोडक्यात. ही तरतूद असलेला शिक्षण हक्क कायदा एप्रिल २०१० मध्ये लागू झाला. त्याआधी, मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या २००९ च्या ‘असर’ पाहणीतही देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नव्हता. आता महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला परीक्षा पुन्हा आली आहे. पण पहिलीत अडलेल्या मुलाला पाचवीत नापास करून कोणते अक्षर शिकवले जाणार आहे?

राहिली लुडबुड. कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. कलम २४ नुसार मुलाची प्रगती पालकांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. (शिक्षकांची बाजूच घ्यायची होती तर संदेशाने त्यांच्यावर लादल्या जाणाऱ्या अशैक्षणिक कामांवर बोट ठेवायचे होते, त्यात पालकांनीही साथ दिली असती.) मात्र नुसत्या सभांना हजेरी लावून वाचन सुधारत नाही. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात पालकांना समितीचे अधिकार आणि मुलांची पातळी समजावून सांगण्याचा प्रयोग झाला, त्याने शाळेत काहीच हलले नाही; गावातील स्वयंसेवकांनी घेतलेल्या वाचनवर्गांना जी मुले गेली, ती मात्र पुढे सरकली.

म्हणून मागणी नेमकी हवी. आपले मूल अक्षर, शब्द, उतारा की गोष्ट यांपैकी कोणत्या पायरीवर आहे, त्या पायरीच्या मुलांना रोज किती वेळ वेगळे शिकवले जाते आणि पुन्हा तपासणी कधी होणार, हे स्वतः निरक्षर असलेली आईही विचारू शकते, आणि उत्तर सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगू शकते. अर्थात सभा ऐन विड्यांचा माल द्यायला जाण्याच्या वेळी ठेवली असेल, तर आधी ती वेळच बदलून मागावी लागेल.