फटाक्यांचा परवाना संपतो, खोकी माळ्यावरच राहतात

दिवाळी जवळ आली की आमच्या बाजारपेठेत फटाका स्टॉलच्या परवान्यांवरून वाद ठरलेला. मैदान कुठलं, भाडं किती, चिठ्ठ्या कधी काढणार, गावाबाहेर स्टॉल लावले तर गिऱ्हाईक येणार का. माझं मत आधीच सांगते. स्टॉल मैदानातच हवेत आणि नियमाप्रमाणेच हवेत. पण खरा धोका दिवाळी झाल्यावर सुरू होतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

२००८ च्या स्फोटके नियमांत तात्पुरत्या स्टॉलसाठी सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. शेड न जळणाऱ्या वस्तूचं, दोन शेडमध्ये किमान ३ मीटर अंतर, घरं-शाळांपासून ५० मीटर, एका जागी ५० पेक्षा जास्त शेड नाहीत, आत तेलाचा दिवा किंवा उघडी ज्योत नाही. शेड समोरासमोर नकोत असंही त्यात आहे. ते का, हे एकदा स्टॉलसमोर उभं राहिलं की कळतं. स्टॉलची पुढची बाजू सताड उघडी असते. आत आग लागली की बाण तिथूनच सुटणार, आणि समोर दुसरा उघडा स्टॉल असेल तर थेट त्यात घुसणार. २०१६ च्या दिवाळीत औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जिल्हा परिषदेच्या मैदानावर शंभरावर स्टॉल बघता बघता जळून गेले. तिथे निदान मोकळं मैदान तरी होतं.

आपल्याकडे परवान्याचा कागद लॅमिनेट करून दर्शनी भागात टांगलेला असतो. वर मात्र मांडववाल्याने पाच-सहा स्टॉलवर मिळून एकच ताडपत्री ओढलेली असते, मग खालचं ३ मीटर अंतर काय कामाचं? कोपऱ्यातला आग विझवायचा लाल सिलिंडर जरा वाकून बघा. त्याच्या गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात असायला हवा. लाल पट्ट्यात असेल तर तो सिलिंडर फक्त फोटोपुरता आहे. आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गल्ल्याची पूजा होते, तेव्हा सुतळी बॉम्बच्या खोक्यांपासून हातभर अंतरावर समई आणि उदबत्ती लावलेली असते. श्रद्धा मलाही आहे. पूजा घरी करा, दुकानात करा, फटाक्याच्या शेडमध्ये नको.

आता उरलेल्या मालाबद्दल. पाडवा-भाऊबीज झाली, मैदान रिकामं झालं, परवान्याची मुदत संपली. न खपलेली खोकी जातात कुठे? ती बाजारातल्या घरी येतात. मालवण, वेंगुर्ला, राजापूर, कुठलीही जुनी बाजारपेठ डोळ्यासमोर आणा. घराला घर चिकटलेलं, लाकडी माडी, वर कौलं, कौलांखाली वासे-रिपा, खाली दुकान आणि वर माणसं झोपलेली. आळीत रिक्षा वळताना दोनदा मागे-पुढे करावी लागते, तिथे अग्निशमनाचा बंब कसा शिरणार? माळ्यावर पाण्याच्या टाकीशेजारी ती खोकी पडून राहतात. मागे शेजारच्या काकांना मी विचारलं तर म्हणाले, "आता जत्रा येतले, तेंका लागतले. रवांदेत थंय." आणि ते खरंच आहे. तुळशीचं लग्न, देवदिवाळी, मग गावोगावच्या जत्रा, शेवटी शिमगा. माल संपेपर्यंत उन्हाळा येतो आणि कौलांखालचा माळा भट्टीसारखा तापतो.

१० एप्रिल २०१६ ला केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या पुट्टिंगल देवळात शंभराहून जास्त माणसं दगावली. आतषबाजीला प्रशासनाने परवानगी नाकारली होती, तरी ती झाली. तिथेही पेटला तो साठा. ठिणगी साठवणीच्या खोलीपर्यंत पोचली आणि इमारत उडाली.

लॉज आणि हॉस्पिटलांना २००६ च्या राज्याच्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणजे वर्षातून दोनदा विचारणा. फटाक्यांच्या उरलेल्या मालाबद्दल मात्र आमच्या आळीत एकदाही कुणी विचारायला आलेलं नाही.

स्टॉल लावणाऱ्या मुलांवर माझा राग नाही. त्यांनी बचत गटाकडून, कुणी बायकोची चेन गहाण ठेवून पैसे उभे केलेले असतात. होलसेलवाला माल परत घेत नाही, मग तो माल समुद्रात टाकायचा का, असं ते विचारतात आणि ते बरोबर विचारतात. म्हणूनच याची सोय परवान्यातच हवी. अर्ज घेतानाच होलसेलवाल्याकडून न फोडलेली खोकी परत घेण्याचं लेखी घ्या. स्टॉल बंद करताना किती माल आणला, किती विकला, किती उरला याची नोंद घ्या आणि ती दिल्याशिवाय पुढच्या वर्षी चिठ्ठीत नाव घालू नका. मैदानावर चिठ्ठ्या काढण्याआधी टेप लावून फक्कीने चौकोन आखा, म्हणजे मांडववाल्याला मनाची जागा धरता येणार नाही. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही.

व्यापारी मंडळाच्या बैठकीत मी हे लेखी देणार आहे. ज्यांची घरं बाजारपेठेत आहेत त्यांनी अर्जावर सही करायला दुकानावर या. स्टॉल लावणारेही या, तुमच्या अडचणी त्याच अर्जात लिहू.