पोरांना पैशाची किंमत शिकवायचीय? आमच्यासारखी शिकवा

मुलांना पैशाची किंमत कळत नाही, अशी तुमची तक्रार आहे ना? कशी कळणार? तुम्ही भाजीवालीसमोर फोन धरता, टुंग वाजतं आणि कोथिंबीर पिशवीत पडते. तेव्हा जुनी पद्धतच बरी. खात्रीची आहे. (नमुना म्हणून आमच्याकडे बघा, फार जवळून बघू नका.)

सुरुवात एसटीपासून करा. बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट असतं, म्हणून पोराला मिसरूड फुटलं तरी बस दिसताच दटावायचं, "मास्तरांनी विचारलं तर अकरा सांग." घरी पोचल्यावर 'नेहमी खरे बोलावे' हे दहा वेळा लिहून घ्यायचं. अर्थात गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं शिवून केलेल्या वहीत. पेन्सिल बोटांत मावेनाशी झाली की जुन्या पेनाच्या टोपणात खोचून द्यायची.

मग पाढे. पावकी, निमकी, औटकी पाठ हवी. औट म्हणजे साडेतीन हे ज्याला ठाऊक नाही, तो उद्या घराचे हप्ते कसे फेडणार?

व्यवहारज्ञान मात्र आमच्या आजीकडून घ्या. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले, रुपयाचे 64 पैसे होते ते 100 झाले. एक आणा म्हणजे आता सव्वासहा नवे पैसे. पाव पैशाचं नाणं नव्हतं, म्हणून आण्याला सहाच धरायचे. म्हणजे चार आण्यांची चहापूड एकदम आणली तर पंचवीस पैसे, आण्याआण्याची चारदा आणली तर चोवीस. आजीने माझ्या वडिलांना चारदा पिटाळलं. चपला झिजू नयेत म्हणून अनवाणी.

पण या सगळ्याचा कळस म्हणजे खाऊचे पैसे. पाहुणे निघताना हातावर दोनाची नोट ठेवायचे. पोराने "नको, नको" म्हणत मागे सरकायचं, पण नोट खाली पडेल इतकं नाही. आईने "अहो, कशाला उगाच!" म्हणायचं, पण पाहुण्यांचा विचार बदलेल इतकं मोठ्याने नाही. पाहुणे कोपऱ्यावर वळले की आईचा हात पुढे. "हरवशील. माझ्याकडे ठेव, तुझेच आहेत." मामाने दिलेले चार आणेसुद्धा याच वाटेने जायचे. 30 जून 2011 पासून सरकारने चार आणे चलनातून बाद केले. माझे तीस-पस्तीस वर्षं आधीच झाले होते.

परवा मुलाला हे सगळं तोंडपाठ ऐकवत होतो. त्याने मोबाइलमधून मान वर काढली आणि विचारलं, "मग त्या पैशांचं शेवटी काय झालं?" प्रश्न रास्त होता. आई शेजारीच शेंगा सोलत बसली होती. तिला विचारलं.

"तुझं अर्धं तिकीट कोण काढत होतं?"