वाळता वाळेना

"बाबांना हुडी पाठवतोय," असं मुलगा फोनवर म्हणाला, ते आमच्या आईने "होडी" ऐकलं. आठ दिवस ती वाडीभर सांगत होती, नातू होडी पाठवतोय म्हणून.

आली ती हुडीच. पोरगा पुण्यात डिझाइन शिकतो, त्याने स्वतः केलेली. काळी, गोधडीएवढी जाड. शिवणी सगळ्या बाहेरून, दोरे लोंबताहेत. एक बाही कोपरापर्यंत, दुसरी थेट गुडघ्यापर्यंत. पाठीवर अवतरणचिन्हांत "समोरची बाजू". मी फोन केला, "अरे, शिंप्याने घोळ घातलाय."

"बाबा, ती संकल्पना आहे!"

मग व्याख्यान. 1917 साली न्यूयॉर्कमध्ये मार्सेल द्युशाँ नावाच्या कलावंताने मुतारीचं भांडं खोटी सही करून कलाप्रदर्शनाला धाडलं आणि आयोजकांनी ते मांडलंच नाही. मला आयोजक शहाणे वाटले. बोललो नाही.

हुडी म्हणे 1930 च्या दशकात अमेरिकेत थंडीत राबणाऱ्या गोदाम-कामगारांसाठी निघाली. आमच्या गुहागरकडे तिला शोभेल अशी जागा म्हणजे बर्फाचा कारखाना. पण बापाचं काळीज! भर आषाढात ती घालून बाजारात गेलो. पाऊस आला, टोपडं ओढलं. ते पाणी पिऊन असं जड झालं की माझी मान आभाळाकडे. वर बघत चालताना लांब बाही सुक्या जवळ्याच्या टोपलीतून फिरली.

"भाऊ, बाहीत गेला त्याचं काय?" मासळीवाली म्हणाली. दहा रुपये दिले.

वाटेत लावणीवरचा शेजारी थांबला. "नवीन इरलं काय? मग आतून भिजलात कसे?"

खरा छळ पुढे. पडवीतल्या दोरीवर हुडी दोन दिवस नुसती ठिबकली. तिसऱ्या दिवशी दोरी तुटली. मग बायकोने ती न्हाणीतल्या चुलीवर टांगली. आता वरून धुराचा वास, आतून जवळ्याचा, आणि मधल्या थरात ओल तशीच. आईने दोनदा विचारलं, घरात काय मेलंय? नवव्या दिवशी "समोरची बाजू"भोवती बुरशीची हिरवट-पांढरी वर्तुळं उमटली, अगदी रांगोळीचे ठिपके.

घाबरत फोटो पाठवला. मिनिटात उत्तर आलं, "बाबा, कमाल टेक्स्चर! कसं आणलंत? अजून दोन पाठवतो, अशाच करून द्याल?"

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला आणि टाइप केलं, "लवकर पाठव. श्रावणात ऊन पडतं."