साडूच्या साहेबांची जॅग्वार

काल पेट्रोल पंपावर एका अनोळखी गृहस्थांनी माझी गाडी दुरुस्त केली. म्हणजे केली नाही. पण तिथे जमलेल्या सगळ्यांचं तसं ठाम मत झालंय, एकाने तर त्यांच्याशी हात मिळवला, आणि हा लेख मी अजून दात-ओठ खात लिहितोय.

गाडी डॅटसन २४०झेड, मॉडेल १९७१. लांबलचक नाक, मागे घसरत गेलेलं छप्पर, दोघांपुरती जागा, पुढे एका ओळीत सहा सिलिंडर. माझ्याकडे आली तेव्हा आत बसून पाय टेकवला तर तो थेट रस्त्याला लागेल, इतका खालचा पत्रा गंजला होता. तो कापला, नवा जोडला, बॅटरीखालचं खिंडार बुजवलं, रंग दिला. ते सगळं रामायण सोडून देतो. दुखणं वेगळंच आहे.

या इंजिनात पेट्रोल आत जायची आणि धूर बाहेर पडायची वाट एकाच बाजूला. वर पेट्रोलमध्ये हवा मिसळणारे दोन कार्बोरेटर, त्यांच्या बरोब्बर खाली धूर बाहेर नेणारा, तापून लाल होऊ पाहणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. गाडी पळत असते तोवर वारा लागतो, पेट्रोल वाहतं राहतं, सगळं सुरळीत. भर उन्हात पळवून आणून बंद केली, की खालची धग वर चढते आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल चक्क उकळतं. त्यानंतर लगेच कितीही सेल्फ मारा, घुर्रघुर्र करून गप्प. उपाय सोपा आहे. बॉनेट उघडायचं, थोडा वेळ शांत उभं राहायचं, मग ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारायचा. यातलं ‘शांत उभं राहायचं’ हे कलम माणसांच्या जगात अमलात आणता येत नाही.

मी बॉनेट उघडलं आणि हे गृहस्थ प्रकट झाले. गॉगल कपाळावर, बोटावर किल्ली गरगर फिरतेय.

“साहेब, बॉनेट उलटं बसवलंय तुमचं.”

“उलटं नाही. या गाडीचं पुढेच बिजागरीवर असतं.”

“अच्छा! म्हणजे जॅग्वार.”

“डॅटसन.”

“जॅग्वारचं असंच उघडतं. आमच्या साडूच्या साहेबांकडे होती. लाल.”

“असेल. ही डॅटसन आहे.”

“म्हणजे मॉडेल डॅटसन?”

“कंपनी डॅटसन. निस्सानचाच ब्रँड.”

ते क्षणभर विचारात पडले. “पण डॅटसन तर बंद पडली ना?”

“हो.”

“मग पडणारच,” असं म्हणून त्यांनी माझ्या गाडीकडे हात केला. मागे पेट्रोल भरणारा पोरगा फिसकन हसला. हसायला लागतो तो पहिला माणूस मी कधीच विसरत नाही.

मग त्यांचं लक्ष बिल्ल्याकडे गेलं. “२४० म्हणजे ताशी २४०?”

“नाही, इंजिन २.४ लिटरचं आहे म्हणून.”

“म्हणजे २४० जात नाही.”

“दोनशेच्या आसपास जाते.”

“साडूच्या साहेबांची जायची.”

आणि संताप कशाचा, तर १९६१ साली जॅग्वारची ई-टाइप आली तेव्हा तिचा गाजावाजा झालेला वेग होता ताशी १५० मैल. किलोमीटरमध्ये मांडलं तर २४०च्या घरातच जातो. अडाण्याने अंदाजपंचे बोलावं आणि ते खरं निघावं, यासारखा छळ नाही.

बिल्ल्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. जपानात या गाडीचं नाव फेअरलेडी झेड. निस्सानच्या वरिष्ठांना ‘माय फेअर लेडी’ हे संगीत नाटक फार आवडलं होतं, त्यावरून हे नाव कंपनीच्या स्पोर्ट्स गाड्यांना चिकटलं. अमेरिकेत निस्सानचा धंदा पाहणाऱ्या युताका कातायामांना मात्र काळजी पडली, की असल्या नाजूक नावाची स्पोर्ट्स कार घेणार कोण? त्यांनी नावाचे बिल्ले काढायला लावले आणि तिथे २४०झेड डकवलं. पुढे गाडी तुफान खपली. कातायामा १९०९ साली जन्मले आणि २०१५ साली गेले. १०५ वर्षं जगले. मला दाट संशय आहे की त्यांनी पेट्रोल पंपावर कधी कोणाशी संभाषण केलं नसावं.

तेवढ्यात गृहस्थांनी फोनवर शोधाशोध करून आणली होती. दोन मिनिटांपूर्वी गाडीचं नाव माहीत नसलेला माणूस आता मला तिचा इतिहास सांगू लागला. “डिझाईन मुळात जर्मन माणसाचं आहे. जपान्यांना असलं जमत नाही.”

इथे माझा आवाज चढला. एक जर्मन डिझायनर त्याआधी निस्सानचा सल्लागार होता, हे खरं. पण ही गाडी योशिहिको मात्सुओ आणि त्यांच्या चमूची. मी हे सगळं, हातवारे करून, मात्सुओंचं नाव दोनदा उच्चारून सांगितलं.

“तेच तर म्हणतोय मी,” ते म्हणाले, “जर्मन.”

मग बसकण मारून त्यांनी गाडीखाली डोकावलं आणि विचारलं, “खालनं काय काय केलंय?”

या प्रश्नाची मी किती वाट पाहिली आहे! घरात हा विषय काढायला मला बंदी आहे. मी स्पिंडल पिनपासून सुरुवात केली. मागच्या चाकाजवळ, सस्पेन्शनच्या खालच्या आर्मच्या टोकाला एक लांब, जाड पोलादी पिन असते. ती दोन बुशांमधून, म्हणजे रबरी अस्तराच्या नळ्यांमधून, आरपार जाते आणि मधोमध एका छोट्या लॉक बोल्टने अडकवलेली असते. बुशाच्या आतली लोखंडी नळी इतक्या वर्षांत पिनेला गंजून चिकटते, आणि मग ती पिन जुन्या भाडेकरूसारखी हलायचं नाव घेत नाही. तेल पाजलं, शेकलं, हातोडा घातला. हातोड्याने पिनेचे आटे चेपतात, पिन हलत नाही. शेवटी प्रेसखाली घातली तेव्हा गोळी सुटल्यासारखा आवाज होऊन ती निघाली, आणि मी एकटाच गॅरेजमध्ये नाचलो. नवी पिन, नवे पॉलीयुरेथेनचे बुश. हे मी रंगात येऊन सांगत होतो. गृहस्थ उठले, गुडघे झटकले आणि बॉनेटवर हात फिरवत म्हणाले, “पॉलिश कुठलं वापरता?”

बरं, मग ब्रेकचा विषय निघाला. पुढच्या चाकांचे मूळचे काढून टोयोटाच्या पिकअपचे चार पिस्टनवाले कॅलिपर, म्हणजे ब्रेकची चकती दाबून धरणारे चिमटे, बसवलेत. झेडवाल्यांमध्ये हा जुना, मुरलेला उपाय आहे. हे ऐकून गृहस्थांचा चेहरा एकदम पडला. “म्हणजे ओरिजिनल नाही राहिली?” ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलंय म्हटल्यावर तर त्यांनी च्‌च्‌ केलं. आणि त्याच श्वासात, “एवढं केलंत तर इलेक्ट्रिकच करून टाकायची होती!”

या दोन वाक्यांच्या मध्ये मी गेली काही वर्षं राहतोय. निम्म्या जगाला गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी आहे, उरलेल्या निम्म्याला तिच्यातलं काहीच नकोय. मूळ गाडीत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून आणि जुनाट फ्यूज बॉक्समधून फिरतो. तो बॉक्स तापतो, वितळतो, अगदी अस्सल ओरिजिनल पद्धतीने वितळतो. म्हणून मी रिले टाकले, म्हणजे तो करंट वेगळ्या वाटेने दिव्यांना पोचवणारे छोटे स्विच. त्या वायरी कोणाला दिसत नाहीत, पण रिले टाकल्याचं कळलं की चेहरे मात्र पडतात. ओरिजिनल हवी म्हणणाऱ्यांपैकी एकाने तरी ती रात्री, पावसात, त्या मिणमिणत्या दिव्यांवर चालवून दाखवावी. पण नाही. त्यांना ती फोटोत हवी असते आणि चालवायची आपण.

असो. एव्हाना बरीच मंडळी गोळा झाली होती. इंजिन निवत आलं होतं, हे मला हात जवळ नेऊन कळत होतं. मी सीटवर जाऊन बसणार, इतक्यात गृहस्थांनी सभेला उद्देशून निदान केलं.

“हवा कोंडलीय. टाकीचं झाकण उघडा.”

आता, असं होतं. हेच तर दुःख आहे. टाकीत हवा आत यायची वाट तुंबली तर आत पोकळी होते, पेट्रोल पुढे सरकत नाही आणि झाकण उघडलं की गाडी चालते. पण माझ्या गाडीत ते शक्य नाही, कारण टाकीवरून जाणारी वाफेची प्रत्येक रबरी नळी मी स्वतः, मागच्या पॅनेलच्या आत मनगटापर्यंत हात घालून, कातडं सोलून घेत बदललेली आहे. मी हे सांगायला तोंड उघडलं तोवर त्यांनी मागच्या अंगाला जाऊन झाकण फिरवलंसुद्धा. फुस्स असा काहीही आवाज आला नाही. मी कान देऊन ऐकत होतो. काही म्हणजे काही आवाज आला नाही.

“आता मारा!”

काय करणार होतो मी? मारला नसता तर हट्टी ठरलो असतो. ॲक्सिलरेटर तळाला दाबला, सेल्फ मारला, सहाच्या सहा सिलिंडरांनी एकदम सूर धरला.

टाळ्या. खऱ्या, हाताच्या टाळ्या. पेट्रोल भरणाऱ्या पोराने त्यांच्याशी हात मिळवला. कोणीतरी म्हणालं, “अनुभव लागतो.” मी काच खाली करून ओरडून सांगितलं की कार्बोरेटर थंड झाला म्हणून चालू झाली, पेट्रोल उकळत होतं, मॅनिफोल्ड एकाच बाजूला असतो. इंजिनच्या आवाजात त्यांना एवढंच ऐकू गेलं असावं की मी त्यांचे आभार मानतोय, कारण ते छातीला हात लावून म्हणाले, “अहो, त्यात काय! विकायची झाली तर सांगा. जॅग्वारला गिऱ्हाईक पटकन मिळतं.”

रात्री माझ्यासारखीच झेड असलेल्या मित्राला फोन लावला. म्हटलं, निदान याला तरी माझी बाजू समजेल. त्याने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही बोलला नाही. बराच वेळ शांतता.

मग म्हणाला, “झाकण ओरिजिनल आहे ना रे?”